मंजुरीच्या रांगेत पुसली गेलेली पोस्ट : स्पॅमचा बंदोबस्त आणि नव्या सदस्यांचे स्वागत यांविषयीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची घरी काळजी घेणाऱ्या लोकांच्या एका ऑनलाइन चर्चामंचावर हे प्रकरण घडले. मंचाचे नाव, सदस्यांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. त्या काळात मी मंचाच्या तीन मॉडरेटरांपैकी, म्हणजे मंचावरच्या लेखनावर देखरेख ठेवणाऱ्यांपैकी, एक होते. आम्ही तिघेही आपापली नोकरी आणि घर सांभाळून विनामोबदला हे काम करत होतो, आणि पुढे जे घडले त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

अशा मंचावर नवा माणूस सहसा कुतूहलापोटी येत नाही. तो कित्येक महिने वाचनमात्र असतो, इतरांचे धागे (एकेका विषयावरच्या चर्चा) चाळत असतो, आणि घरात काहीतरी हाताबाहेर गेले की बहुधा रात्री उशिरा, घरातले सगळे झोपल्यावर, खाते उघडून आपला पहिला धागा काढतो. त्या पहिल्या धाग्याला कोणी वेळेवर प्रतिसाद दिला तर तो टिकतो. नाही दिला तर तो पुन्हा विचारायला येईल याची खात्री नसते, कारण परक्यांपुढे घरातले दुःख मांडण्याचे बळ त्याने त्या एका रात्रीपुरतेच गोळा केलेले असते.

मंच सुरू झाला तेव्हा ईमेलचा पत्ता देऊन कोणालाही सदस्य होता येत असे आणि लिहिलेले लगेच सर्वांना दिसत असे. स्पॅम अधूनमधून येई, आणि कोणीतरी ते काढून टाकी.

अडचण कशी वाढत गेली

पुढे स्पॅमचे प्रमाण वाढले आणि त्याचे प्रकारही वाढले. काही खाती एक शब्दही न लिहिता केवळ प्रोफाइलमध्ये लिंक ठेवून जात. शोधयंत्रांच्या निकालात आपले संकेतस्थळ वर यावे हा त्यामागचा हेतू. सदस्यांनी टाकलेल्या लिंकना शोधयंत्रांनी वजन देऊ नये यासाठी २००५ साली ‘नोफॉलो’ ही खूण आली, पण त्यामुळे असा स्पॅम थांबला नाही. लिंक टाकण्याचे काम सॉफ्टवेअर करते, त्याला खर्च जवळजवळ येत नाही, आणि त्यामुळे उपयोग होतो की नाही हे तपासण्याचे कष्टही कोणी घेत नाही.

आम्हाला खरी धास्ती होती ती दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे ‘स्मरणशक्ती परत आणणाऱ्या’ कॅप्सूल, तेले आणि अर्क यांच्या जाहिरातींची. स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक प्रकारांत गेलेली स्मृती परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. जी औषधे आहेत ती लक्षणे काही काळ काहीशी आटोक्यात ठेवू शकतात, आणि तीही सर्वांनाच लागू पडत नाहीत. हे ठाऊक असलेला माणूसही चार रात्री झोपला नसेल तर अशा बाटलीसाठी पैसे मोजतो. त्यामुळे आमच्याकडच्या स्पॅमला निव्वळ कचरा म्हणून चालत नव्हते. त्याने माणसाचे थेट नुकसान होत होते. आम्ही कडक झालो ते या काळजीपोटी, आणि ती काळजी मला आजही योग्य वाटते.

कडकपणा मात्र टप्प्याटप्प्याने आणि फारसा विचार न होता वाढला. एकदा यंत्रांनी उघडलेल्या खात्यांची लाट आली म्हणून वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याचा कॅप्चा लावला. त्यातूनही खाती येत राहिली म्हणून ‘तुम्हाला या मंचावर का यायचे आहे?’ असा सक्तीचा रकाना घातला. मग संशयास्पद शब्दांची यादी आली. ‘कॅप्सूल’, ‘स्मरणशक्ती’, ‘औषध’ हे शब्द तीत होते. नंतर प्रत्येक नव्या सदस्याच्या पहिल्या तीन पोस्ट मंजुरीच्या रांगेत जाऊ लागल्या. प्रत्येक कडी कुठल्या तरी प्रसंगानंतर बसवली गेली. बसवलेली कडी काढायची वेळ आली आहे का, हे मात्र कोणी कधी विचारले नाही.

उपाय लागू पडला. मंच स्वच्छ दिसू लागला आणि जुन्या सदस्यांनी आमचे आभार मानले. नवे धागे हळूहळू आटत चालले होते आणि तीच ती माणसे एकमेकांना प्रतिसाद देत होती, हे दिसत असूनही आम्ही त्याचा संबंध दाराशी जोडला नाही.

एक पोस्ट

एका रात्री दोनच्या सुमारास नव्या खात्यावरून ही पोस्ट आली. लिहिणाऱ्या बाईंच्या परवानगीने आणि किरकोळ बदल करून ती येथे देत आहे :

‘नमस्कार. मी गेले वर्षभर इथे नुसती वाचते आहे. संध्याकाळ झाली की आई म्हणते, मला माझ्या घरी सोड. हेच तिचं घर आहे. काल रात्रभर तिने दाराची कडी वाजवली. शेवटी मी कुलूप लावलं आणि ती खाली बसून रडली. मी चुकले का? भावाने ही कॅप्सूल सुचवली आहे, लिंक खाली देते. द्यावी का?’

खाते नवे, पोस्ट पहिली, त्यात लिंक, शिवाय यादीतला शब्द. पोस्ट रांगेत गेली. सदस्याला आपोआप जाणारा निरोप असा होता : ‘आपली पोस्ट तपासणीसाठी प्रलंबित आहे.’ किती वेळ लागेल, कोण तपासणार, तोवर काय करावे, यातले काहीच त्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी रात्री मी रांग उघडली. रांगेच्या यादीत प्रत्येक पोस्टची पहिली ओळ आणि लिंकचा पत्ता एवढेच दिसत असे. पूर्ण मजकूर वाचायचा तर प्रत्येक पोस्ट वेगळी उघडावी लागे. त्या आठवड्यात एकाच कॅप्सूलच्या संकेतस्थळाची जाहिरात अनेक खात्यांवरून येत होती आणि या पोस्टमधला पत्ता तोच होता. मी सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि ‘स्पॅमर म्हणून काढा’ हे बटण दाबले. त्या एका बटणाने पोस्ट जाते, खाते जाते, ईमेलचा पत्ता बंद होतो आणि ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ज्या क्रमांकावरून, खाते उघडले तोही अडवला जातो.

चार दिवसांनी मंचाच्या संपर्काच्या पत्त्यावर ईमेल आला : ‘माझी पोस्ट दिसत नाही आणि लॉगिनही होत नाही. मी काही चुकीचं लिहिलं का? तसं असेल तर माफ करा.’

बॅकअपमधून पोस्ट काढली तेव्हा मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. ती कॅप्सूल घ्यावी का, एवढेच त्या बाई विचारत होत्या. आम्ही ज्या फसवणुकीपासून लोकांना वाचवायला निघालो होतो, तिच्याविषयी सावधपणे विचारणाऱ्या माणसालाच आम्ही फसवणारा ठरवून बाहेर काढले होते.

मोजमापातली चूक

या घटनेनंतर आमच्या पहिल्या बैठकीत या सगळ्या निर्बंधांविषयी ‘गाळणी एरवी चांगली चालते’ असे एका सहकाऱ्याने म्हटले, आणि ते खोटे नव्हते. पण ‘चांगली’ म्हणजे काय हे कागदावर मांडल्यावर चित्र बदलले. समजा, १०० नव्या खात्यांपैकी ९० स्पॅमची आणि १० खऱ्या माणसांची आहेत. गाळणीने ९० पैकी ८७ अडवली आणि १० पैकी ८ आत सोडली, तर १०० पैकी ९५ निर्णय बरोबर ठरतात. ऐकायला हे उत्तमच वाटते. पण खऱ्या माणसांच्या बाजूने पाहिले तर दर पाचांतला एक जण दारातून परत गेलेला असतो. स्पॅम जितका जास्त, तितकी ही चूक एकूण टक्केवारीत दिसेनाशी होते.

त्यातच दोन्ही चुकांचा आवाज सारखा नसतो. एक जाहिरात आत शिरली की दहा सदस्य तक्रार करतात. एक खरा माणूस बाहेर राहिला तर बहुधा कोणीच काही बोलत नाही, कारण बोलायला तो आत नसतो. या बाईंनी ईमेल केला म्हणून आम्हाला कळले.

आयपी पत्ते अडवण्याचा दोष तर आम्हाला त्या चौकशीतच समजला. आयपीच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत आणि ते जगाला पुरत नाहीत, म्हणून मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. या व्यवस्थेच्या अंतर्गत वापरासाठी २०१२ साली पत्त्यांचा एक स्वतंत्र गटही राखून ठेवला गेला. म्हणजे एका स्पॅमरचा मोबाइलवरचा पत्ता अडवला की त्याच पत्त्याआड असलेल्या कितीतरी अनोळखी माणसांना दार बंद होते. आमच्या यादीत असे पत्ते साचले होते आणि ते उठवण्याची तारीख एकावरही नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तीच रचना ठेवून मॉडरेटर वाढवणे. त्याने रांग लवकर उपसली गेली असती, पण थकलेल्या माणसाने पहिली ओळ पाहून निर्णय घेण्याची सवय त्याने सुटली नसती. दुसरा पर्याय होता जुन्या सदस्याच्या शिफारशीवरच प्रवेश देणे. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. ज्याला ओळखीचे कोणी नाही, त्यालाच या मंचाची सर्वांत जास्त गरज असते. तिसरा पर्याय म्हणजे सगळे मोकळे सोडून सदस्यांच्या तक्रारींवरून मागाहून सफाई करणे.

या तिसऱ्या पर्यायाला एका सहकारी बाईंनी ठाम विरोध केला. त्यांच्या वडिलांच्या उपचारांच्या नावाखाली त्यांच्या कुटुंबाची पूर्वी फसवणूक झाली होती. ‘एकाचे जरी पैसे गेले, तरी ते आपल्या दारातून गेले असे होईल,’ असे त्या म्हणाल्या. याला उत्तर देणे सोपे नव्हते आणि आम्ही ते घाईने देण्याचा प्रयत्नही केला नाही.

इतरांनी काय केले हेही आम्ही पाहिले. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास कळसाला पोहोचून उतरणीला लागली. तिथला दर्जा राखण्यासाठी उभारलेल्या नियमांनी आणि स्वयंचलित साधनांनी सद्भावनेने आलेल्या नवख्यांचे लेखन फेटाळले जाणे हे त्या उतरणीचे एक महत्त्वाचे कारण असल्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला गेला. ते वाचताना मला आमचाच मंच डोळ्यांपुढे दिसत होता. दुसरीकडे, ‘डिस्कोर्स’ या मंचांच्या सॉफ्टवेअरमध्ये सदस्याला पायरीपायरीने अधिकार देण्याची पद्धत आहे : मूळ मांडणीनुसार ५ धागे उघडले, ३० पोस्ट वाचल्या आणि वाचनात १० मिनिटे घालवली की नवखेपणाची पहिली पायरी ओलांडली जाते. यातली कल्पना आम्हाला पटली, कारण वाचनमात्र राहणे हीच आमच्या खऱ्या सदस्यांची रीत होती आणि स्पॅमर सहसा वाचत बसत नाही.

कोंडी फुटली ती एका साध्या प्रश्नाने. ‘हा माणूस खरा की खोटा?’ हे पहिल्या पोस्टवरून ठरवता येत नाही. दोघेही नवे असतात, दोघांनाही पूर्वेतिहास नसतो, दोघेही काहीतरी मागत असतात. म्हणून आम्ही विचारले, स्पॅमरला नेमके काय हवे असते आणि नव्या माणसाला काय हवे असते? स्पॅमरला उघडणारी लिंक हवी असते, प्रोफाइलची जागा हवी असते, सदस्यांना खाजगी निरोप पाठवता यायला हवे असतात. नव्या माणसाला फक्त आपले म्हणणे दिसायला हवे असते आणि त्यावर प्रतिसाद हवा असतो. हे दोन्ही बऱ्याच अंशी वेगळे करता येते.

निर्णय आणि अंमलबजावणी

नव्या सदस्याचा मजकूर लगेच सर्वांना दिसू लागला. त्यातली लिंक मात्र, मॉडरेटरने पाहीपर्यंत, न उघडणाऱ्या साध्या अक्षरांत दिसे. प्रोफाइलमधली लिंक आणि खाजगी निरोप सुरुवातीला बंद ठेवले. शब्दांची यादी राहिली, पण ती आता पोस्ट अडवत नसे. आमच्या पडद्यावर फक्त ‘ही आधी वाचा’ अशी खूण करी. तीन जुन्या सदस्यांनी तक्रार केल्यावर पोस्ट आपोआप झाकली जाई, पुसली मात्र जात नसे.

कॅप्चा काढला. आमच्या सदस्यांत वयस्क आणि अधू दृष्टीची माणसे बरीच होती, आणि पैसे घेऊन माणसांकरवी कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवा असल्याने स्पॅमरला त्याचा अडथळा नाममात्र होता. त्याऐवजी नोंदणीच्या अर्जात माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवला. यंत्र तो भरते आणि पकडले जाते. यात आम्ही सुरुवातीला एक चूक केली. पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध सदस्यांना तो रकाना ऐकू येत होता आणि ते प्रामाणिकपणे तो भरत होते. तो वाचनक्रमातून वगळल्यावरच व्यवस्था धड झाली. ‘का यायचे आहे?’ हा रकाना काढून टाकला. आयपी पत्ता अडवणे २४ तासांपुरते मर्यादित केले. ‘स्पॅमर म्हणून काढा’ हे बटण पूर्ण पोस्ट उघडल्याशिवाय दिसेनासे केले आणि एकगठ्ठा काढण्याची सोयच बंद केली.

तांत्रिक बदलांइतकाच वेळ आम्ही स्वागताच्या व्यवस्थेवर घालवला. पूर्वी नव्या माणसाला मिळणारा पहिला प्रतिसाद बहुधा मॉडरेटरचा असे आणि त्यात नियम असत. आता काही जुन्या सदस्यांनी पाळ्या वाटून घेतल्या. त्यांच्यासाठी सूचना एकच होती : आधी प्रश्नाचे उत्तर द्या, धागा चुकीच्या विभागात असेल तर तो हलवण्याचे काम आम्ही गुपचूप करू.

परिणाम

त्या बाईंना मी स्वतः लिहिले, काय घडले ते न लपवता सांगितले आणि माफी मागितली. त्यांच्या परवानगीने पोस्ट पुन्हा प्रसिद्ध केली. प्रतिसाद आले ते अनुभवी लोकांचे : आईशी ‘हेच तुझं घर आहे’ असा वाद घालू नका, ‘घर’ म्हणजे कदाचित तिला सुरक्षित वाटणारी जागा असेल, त्या घराविषयी तिला विचारा, तिला बोलू द्या, सूर्यास्ताच्या वेळी अशी अस्वस्थता पुष्कळांत वाढते, दिवे लवकर लावा, कडी नजरेआड बसवा, पण माणसाला एकटे कोंडून कधीही बाहेर जाऊ नका, कॅप्सूल देऊ नका, डॉक्टरांशी बोला. त्या बाई आता फारसे लिहीत नाहीत. वाचतात, असे त्यांच्या खात्यावरून दिसते.

मंचावर नवे धागे पुन्हा येऊ लागले. त्याची किंमतही मोजावी लागली. पहिल्या काही आठवड्यांत दिसणारा स्पॅम वाढला, एक जाहिरात तर रात्रभर तशीच राहिली, आणि ‘तुम्ही मंच वाऱ्यावर सोडला’ असे दोन जुन्या सदस्यांनी सुनावले.

आम्ही न हेरलेल्या दोन वाटाही उघडकीला आल्या. एका खात्याने ‘खूप उपयुक्त माहिती’ छापाचे निरुपद्रवी प्रतिसाद दिले आणि तीन आठवड्यांनी, कोणाचे लक्ष नसताना, त्या जुन्या प्रतिसादांत संपादन करून लिंक घातल्या. तेव्हापासून नव्या सदस्याला आपले लेखन एका तासापर्यंतच बदलता येते. दुसरी वाट अधिक गंभीर होती. एका आयडीने पुरेसे वाचन करून खाजगी निरोपांचा अधिकार मिळवला आणि दमलेल्या सदस्यांना एकेकटे गाठून औषध विकायला सुरुवात केली. एका सदस्याने पैसे देण्याआधी आम्हाला विचारले, म्हणून ते निभावले. आमच्या सहकारी बाईंची भीती अनाठायी नव्हती, हे त्या दिवशी आम्ही त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. खाजगी निरोपांचा अधिकार आता नुसत्या वाचनावर मिळत नाही. धाग्यांवर इतरांशी खरा संवाद झालेला असावा लागतो, आणि प्रत्येक निरोपाखाली तक्रारीचे बटण असते.

आज पुन्हा करायचे झाले तर

एक म्हणजे, अडवलेल्या पोस्टची तपासणी मी पहिल्या दिवसापासून लावली असती. आता दर आठवड्याला काढून टाकलेल्यांपैकी काही पोस्ट तिसराच मॉडरेटर वाचतो. ज्याने काढल्या तो नव्हे. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते आधी का सुचले नाही याची मला खंत आहे.

दुसरे, प्रत्येक निर्बंधाला मुदत ठेवली असती. लाट आली की कडक व्हावे लागते, त्यात गैर नाही. पण मुदत संपल्यावर तो निर्बंध पुन्हा मत घेऊनच चालू ठेवावा. रांगेच्या बाबतीत तर माझे मत अधिक ठाम झाले आहे : तीन माणसांना काही तासांत उपसता येत नाही इतकी मोठी रांग ठेवूच नये, कारण ती उपसण्याच्या घाईत वाचणे आधी सुटते.

तिसरी गोष्ट मला अधिक बोचते. घडलेला प्रकार आम्ही कित्येक आठवडे मंचावर जाहीर केला नाही. आधी व्यवस्था दुरुस्त करू, मग सांगू, असे ठरवले. तो निर्णय चुकीचा होता. लगेच सांगितले असते, तर ‘माझ्या बहिणीनेही लिहिले होते, ते कधी दिसलेच नाही’ असे सांगणारे सदस्य तेव्हाच पुढे आले असते. ते पुढे आले ते आम्ही जाहीर केल्यानंतर, आणि तोवर उशीर झाला होता.

उशीर अशासाठी, की आमचा बॅकअप ३० दिवसांचाच असतो. त्या मुदतीतल्या, काढून टाकलेल्या सर्व पोस्ट आम्ही तिघांनी वाटून घेऊन वाचल्या. बहुतेक स्पॅमच होत्या, काही नव्हत्या. ज्या नव्हत्या त्यांच्या लेखकांना आम्ही ईमेल पाठवले. काहींनी उत्तर दिले आणि त्यांतले थोडे परतही आले. एकाने कळवले की ज्यांच्याविषयी विचारले होते ते वडील आता नाहीत. त्याआधीच्या महिन्यांत कोणाकोणाला परत पाठवले गेले, हे शोधण्याचा मार्ग आमच्याकडे उरलेला नाही.